सिद्धेश्वर पेठेतून जुळे सोलापूरकडे: एका तालुका कचेरीच्या स्थलांतराचा हिशेब

सोलापूरची हद्दवाढ १९९२ साली झाली आणि महापालिकेचे क्षेत्र पाचपटीहून अधिक वाढून १७८ चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी शहरात आले. जुळे सोलापूर तर नोकरदारांचे वेगळे शहरच झाले. कचेऱ्या मात्र होत्या तिथेच राहिल्या. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा न्यायालय आणि महापालिकेचे इंद्रभुवन हे सगळे सिद्धेश्वर पेठ ते पार्क चौक या पट्ट्यात आहे. त्यात या कचेऱ्यांच्या दारातल्या पूनम गेटवर एखादे आंदोलन बसले किंवा संक्रांतीला होम मैदानावर सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरला की कचेरीत पोहोचणे हेच काम होऊन बसते. ‘या कचेऱ्या शहराबाहेर हलवा’ ही मागणी म्हणूनच दर दोन-चार वर्षांनी डोके वर काढते.

या प्रकरणात दक्षिण सोलापूर तालुक्याचे काम पाहणारी एक महसुली कचेरी मध्यवर्ती भागातून जुळे सोलापुरात नेण्याचा प्रस्ताव तपासला आहे. प्रस्ताव अभ्यासासाठी मांडलेला आहे. मंजूर पदे ४८, रोजचे अभ्यागत २०० आणि अभिलेखाचे ३,००० रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) हे आकडे हिशेबासाठी धरले आहेत. ज्याला हे खरोखर करायचे आहे त्याने आपले आकडे घालावेत. गावे, रस्ते आणि नियम मात्र आहेत तसेच घेतले आहेत.

तालुका दक्षिणेला, पण सगळा एका रस्त्यावर नाही

दक्षिण सोलापूरचे मुख्यालय सोलापूर शहरातच आहे, उत्तर सोलापूरचेही. दक्षिण तालुक्यातली माणसे शहरात प्रामुख्याने तीन वाटांनी येतात. मंद्रूप, वडकबाळ, भंडारकवठे या बाजूची विजापूर रस्त्याने, होटगी बाजूची होटगी रस्त्याने, आणि वळसंग, कुंभारी या पट्ट्यातली अक्कलकोट रस्त्याने. जुळे सोलापूर विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या मध्ये आहे. मंद्रूपहून येणारी एसटी विजापूर रस्त्यावरच्या सैफुलवरूनच शहरात शिरते, म्हणजे त्या प्रवाशाला नवी कचेरी वाटेवरच पडते. वळसंगच्या माणसाला मात्र आधी शहरात येऊन मग दुसऱ्या रिक्षाने आसरा पुलाकडे वळावे लागते. तो पूल अरुंद आहे आणि सकाळी दहाला त्यावर काय होते ते तिथे राहणाऱ्यांना विचारावे.

कागदावर ‘तालुका दक्षिणेला, कचेरीही दक्षिणेला’ हे छान दिसते. पण तालुक्याची वस्ती पूर्वेला सरकते आहे. कुंभारीत आधी गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची १०,००० घरे झाली. त्यानंतर तिथेच असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची रे नगर योजना उभी राहिली आणि तिच्यातल्या १५,००० घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, संजय गांधी निराधार योजना यांसाठी सगळ्यात जास्त चकरा मारणारा वर्ग हाच आहे. जागा निवडणाऱ्या समितीने हे पाहिलेच नाही, तर ‘साहेब लोक जुळे सोलापुरात राहतात म्हणून कचेरी तिकडे गेली’ असे लोक म्हणतील. त्यात चूक काढता येणार नाही.

फेऱ्या मोजायच्या त्या अशा

स्थलांतराच्या प्रस्तावात बहुधा पदे, चौरस फूट आणि भाडे एवढेच असते. आधी हवी ती अभ्यागतांची नोंद, सलग दोन आठवडे, दारावरच. प्रत्येकाला तीन प्रश्न पुरतात: कुठल्या रस्त्याने आलात, कशासाठी आलात, आणि आज अजून कुठल्या कचेरीत जायचे आहे. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि सगळे घोडे तिथेच अडते. महसुली काम एका खिडकीवर संपत नाही. फेरफाराच्या तक्रारीला आलेला माणूस भूमी अभिलेखात मोजणीची चौकशी करतो, दुय्यम निबंधकाकडून दस्ताची नक्कल घेतो, प्रांत कार्यालयातल्या अपिलाची तारीख पाहतो, मग बँकेत जातो.

समजा २०० जणांत ८० विजापूर रस्त्याचे, ४० होटगी रस्त्याचे आणि ८० अक्कलकोट रस्त्याचे आहेत. तिन्ही वाटांवर दर शंभरातल्या साठांचे काम फक्त याच कचेरीत आहे आणि चाळिसांना मध्यवर्ती भागात आणखी एक तरी थांबा आहे. कचेरी आहे तशी उचलून नेली, तर विजापूर रस्त्याचे ४८ आणि होटगी रस्त्याचे २४ असे ७२ जण फायद्यात राहतात. अक्कलकोट रस्त्याचे एकाच कामाला आलेले ४८ तोट्यात जातात. दोन कचेऱ्यांची कामे असणारे ८० जण तर कुठूनही आले तरी तोट्यात, कारण त्यांना आता शहर आणि जुळे सोलापूर अशी दोन टोके गाठायची आहेत. म्हणजे ७२ विरुद्ध १२८. हा प्रस्ताव या रूपात मंजूर होता कामा नये.

आता दोन बदल करू. दस्त नोंदणी आणि तालुक्याची मोजणी ही दोन्ही कार्यालये त्याच इमारतीत किंवा चालत पाच मिनिटांत आणली, तर दुहेरी काम असणारे ८० वरून ३० वर येतील असे धरू. शिवाय अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला दाखले, शिधापत्रिका आणि निराधार योजना यांचा कायम कक्ष ठेवला, आणि त्या बाजूचे एकाच कामाला येणारे जे ६८ होतात त्यांच्यातले ४५ तिथेच मोकळे झाले. मग थेट फायद्यात १०२, कक्षावर भागलेले ४५ आणि तोट्यात ५३. हा प्रस्ताव विचारात घेण्याजोगा आहे. फरक इमारतीने पडलेला नाही, सोबत काय नेले आणि मागे काय ठेवले याने पडला.

विजापूर रस्त्यावरचे आरटीओ किंवा पुणे रस्त्यावर केगावला असलेले विद्यापीठ शहराच्या कडेला राहूनही चालते, कारण तिथे गेलेल्याचे काम बहुतेक तिथेच पूर्ण होते. तहसीलच्या कामाला ते लागू नाही. मुंबईतही हेच दिसते: १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर कोकण विभागाची कार्यालये बेलापूरला कोकण भवनात गेली, मंत्रालय मात्र जागचे हलले नाही. मंत्रालयाशी नित्य काम असणाऱ्यांच्या फेऱ्या त्यामुळे संपल्या नाहीत.

ऑनलाइनमुळे हे सगळे निकालात निघाले, असे म्हणणारे भेटतील. ते थोडे खरे आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो. नोंदणीकृत दस्ताची माहिती ई-फेरफारमधून तलाठ्याकडे आपोआप पोहोचते. ग्रास या सरकारी पोर्टलवर चलन भरता येते. पण हरकत आली की सुनावणी समोरासमोरच होते, जुन्या नोंदीची नक्कल अभिलेख कक्षातूनच निघते, आणि निराधार योजनेच्या म्हाताऱ्या बाईला पोर्टल दाखवून उपयोग नाही.

जागा: चौरस फुटांआधी वजन

जागेचा हिशेब असा बसतो. ४८ जणांना प्रत्येकी ६ चौरस मीटर म्हणजे २८८. अभिलेख कक्ष ७०, अभ्यागतांचे दालन ६०, सुनावणी कक्ष ४०. बेरीज ४५८. त्यावर वाटा, जिना, स्वच्छतागृहे यांसाठी २५ टक्के धरले की सुमारे ५७० चौरस मीटर, म्हणजे ६,१५० चौरस फुटांच्या आसपास. खासगी इमारत भाड्याने घ्यायची तर सरकारी जागा उपलब्ध नसल्याचा दाखला आणि वाजवी भाड्याचे प्रमाणपत्र सार्वजनिक बांधकाम विभागाकडून घ्यावे लागते. घरमालकाशी बोलणी आधी आणि प्रमाणपत्र नंतर, असा उलटा क्रम झाला की मालकाने मागितलेले भाडे आणि प्रमाणित भाडे यांत तफावत निघते आणि फाईल महिनोन्महिने लोंबकळते.

अभिलेख कक्ष कुठल्या मजल्यावर, हा प्रश्न मात्र कुणीतरी अभियंत्याला विचारायलाच हवा. एक रुमाल सरासरी ५ किलोचा आणि १२ सेंटिमीटर जाड धरला तर ३,००० रुमालांचे १५ टन आणि ३६० मीटर लांबीच्या फळ्या होतात. ९० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर खोल आणि सहा फळ्यांच्या रॅकमध्ये ४५ रुमाल बसतात, म्हणजे ६७ रॅक. एका रॅकवर सव्वादोनशे किलो कागद, तोही ०.४ चौरस मीटर जागेवर. दोन रॅक पाठीला पाठ लावून मध्ये पाऊण मीटरची वाट ठेवली तर सरासरी भार दर चौरस मीटरला ३०० किलोच्या घरात राहतो. इमारतीवर किती भार धरायचा ते सांगणाऱ्या आयएस ८७५ या मानकाच्या दुसऱ्या भागात अभिलेखाच्या खोलीसाठी ५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ५०० किलो, भार धरायला सांगितले आहे. साध्या ऑफिसच्या खोलीसाठी, साठवण वेगळी असेल तर, तो निम्मा, २.५ किलोन्यूटन. घरे म्हणून बांधलेल्या इमारतीचा पहिला मजला ३०० किलोलाही अपुरा पडू शकतो. आणि जागा वाचवायला सरकते कॉम्पॅक्टर (रुळांवरची कपाटे) बसवले की मधल्या वाटा जातात आणि भार ५५० किलोच्या वर चढतो, लोखंड वेगळे.

म्हणून अभिलेख तळमजल्यावरच. तिथे शत्रू दोन: ओल आणि वाळवी. फरशी घालण्याआधी वाळवी प्रतिबंधक प्रक्रिया, सगळ्यात खालची फळी जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर, रॅक भिंतीला टेकवायचा नाही, आणि वरच्या मजल्यावरचे स्वच्छतागृह अभिलेख कक्षाच्या डोक्यावर नको. शेवटची गोष्ट नकाशात पाच मिनिटांत तपासता येते, पण तपासली जात नाही.

पाण्याचे गणित सोलापुरात वेगळे करावे लागते. कर्मचाऱ्यामागे दिवसाला ४५ लिटर हे ऑफिसचे प्रमाण धरले तर ४८ जणांचे साधारण २,२०० लिटर, अभ्यागतांचे माणशी ९ लिटर धरून १,८००. रोजचे ४,००० लिटर. शहराला पाणी काही दिवसांआड येते. मधले पाच दिवस निभवायचे तर जमिनीखालची टाकी २०,००० लिटरची हवी. घरगुती इमारतीतली टाकी एवढी नसते. टँकरचा खर्च मग दरमहा आकस्मिक खर्चात दिसू लागतो.

विजेचा मंजूर भारही आधीच वाढवून घ्यावा. चाळीस संगणक ६ किलोवॉट, दीड टनाचे सहा एसी १० किलोवॉट, साठ पंखे साडेचार, दिवे दोन, झेरॉक्स आणि प्रिंटर पाच, पंप दीड: २९ किलोवॉट होतात. जुन्या मीटरवर हे सगळे जोडले तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच कळते. सोलापुरात पारा चाळिशीच्या वर गेल्यावर एसी आणि खिडकीवरचा संगणक एका फेजवर असले की आधी संगणकच बंद पडतो. खिडक्यांचे आणि नेटवर्कचे सर्किट वेगळे, त्याला दोन तासांचा इन्व्हर्टर. इंटरनेटच्या दोन जोडण्या वेगवेगळ्या मार्गांनी आणाव्यात. एकाच खड्ड्यातून गेलेल्या दोन वायरी जेसीबीच्या एका घावात तुटतात.

हलवण्याचा क्रम

मुहूर्त कधीचा? मार्चअखेर बाद, तो वसुली आणि बिलांचा महिना. मे-जूनला प्रवेशाच्या दाखल्यांची झुंबड. आषाढीला महसूलचे निम्मे मनुष्यबळ पंढरपूरच्या बंदोबस्तात. पावसाळ्यात कागद बाहेर काढायचाच नाही, शिवाय पंचनामे. जानेवारीचा पहिला पंधरवडा गड्ड्याचा, त्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूने टेम्पो काढणेच कठीण. उरतो दिवाळीनंतरचा ते डिसेंबर मध्यापर्यंतचा काळ, तोही निवडणूक नसेल तर. पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे, त्यामुळे शनिवार-रविवार असे सलग दोन दिवस हाताशी मिळतात. एका शनिवार-रविवारी एक किंवा दोन शाखा, असे पाच आठवडे.

त्याच्या आधी दोन-तीन महिने अभिलेखाची छाननी, कोणता कागद किती काळ जपायचा त्यानुसार. अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षे, क-१ दहा वर्षे, क पाच वर्षे, ड एक वर्ष. फाईली त्यांच्या टप्प्यानुसार सहा गठ्ठ्यांत लावण्याची सहा गठ्ठा पद्धत कचेरीत नीट चालू असेल तर नष्ट करायचा गठ्ठा तयारच असतो. नसेल तर हे काम तिथून सुरू होते आणि दोन महिने पुरत नाहीत. छाननी न करता सगळेच उचलले, तर जे आधीच नष्ट व्हायला हवे होते त्याचेही भाडे पुढची वीस वर्षे भरत राहायचे.

रुमालांवर बांधणीच्या कापडाखेरीज पुठ्ठ्याची चिठ्ठी हवी: गाव, शाखा, वर्षे, नव्या रॅकचा आणि फळीचा क्रमांक. नवा क्रमांक जुन्या कचेरीतच घालायचा. तिकडे गेल्यावर लावू म्हटले की ते रुमाल पुढच्या दिवाळीपर्यंत कोपऱ्यात. एका ४०७ टेम्पोत अडीच टन, म्हणजे ५०० रुमाल धरावेत. सहा खेपा. प्रत्येक खेपेला दोन याद्या, एक चढवणाऱ्याची, एक उतरवणाऱ्याची, आणि वर ताडपत्री, ढग असोत वा नसोत. जडवस्तू नोंदवही, म्हणजे कचेरीच्या टिकाऊ सामानाची वही, त्याच वेळी अद्ययावत करावी. कागदावर असलेल्या आणि प्रत्यक्षात नसलेल्या खुर्च्या या एकाच वेळी सापडतात.

शाखा आणि तिचे कागद एकाच दिवशी हलले पाहिजेत. नायब तहसीलदार नव्या इमारतीत आणि अभिलेख जुन्या, ही स्थिती सगळ्यात वाईट. शिपाई मोटारसायकलवर फाईल घेऊन सात रस्त्यावरून जा-ये करतो, पक्षकार दोन्हीकडे बसून राहतात, आणि महिन्याभरात एखादी फाईल ‘तिकडे पाठवली’ या नोंदीखाली हरवते. आवक-जावक नोंदवहीत शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून अधिकाऱ्याची सही घ्यावी. ई-ऑफिसमध्ये असलेल्या फाईलींना हा त्रास नाही, त्यामुळे चालू प्रकरणे आधी स्कॅन करून घेतलेली बरी.

सुनावणीच्या नोटिशी हा वेगळाच खड्डा. फेरफाराच्या तक्रारी आणि मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खालचे रस्त्याचे दावे यांच्या नोटिशी आधीच जुन्या पत्त्यावर निघालेल्या असतात. त्या तारखेला सामनेवाला जुन्या दारात उभा राहतो, नव्या दालनात त्याच्या गैरहजेरीत निर्णय होतो, आणि अपिलात किंवा पुनरीक्षणात तो टिकत नाही. उपाय कंटाळवाणा पण एकच: स्थलांतरानंतरच्या सगळ्या तारखांसाठी नव्या पत्त्याची नोटीस पुन्हा बजावणे, आणि पहिले सहा आठवडे जुन्या जागेत एक लिपिक पुकाऱ्याच्या यादीसह बसवणे. वकील मंडळी जिल्हा न्यायालयात असतात. सुनावण्या आठवड्यातल्या ठरलेल्या दोन दिवशी दुपारी तीननंतर ठेवल्या तर त्यांनाही जमते आणि तारीख पुढे ढकलण्याची वेळही कमी येते.

कर्मचाऱ्यांच्या बाजूने विरोध अपेक्षेपेक्षा कमी येतो. जागा महापालिका हद्दीत आहे, त्यामुळे ‘वाय’ वर्ग शहराचा घरभाडे भत्ता तसाच राहतो, आणि बऱ्याच जणांचे घर जुळे सोलापुरात किंवा विजापूर रस्त्यालाच असते. तक्रार येते ती पूर्व भागात राहणाऱ्यांची, आणि रास्त असते. कचेरी सव्वासहाला सुटते. डिसेंबरात तेव्हा अंधार पडू लागलेला असतो. शहर बसच्या फेऱ्या तुरळक आहेत आणि शेअर रिक्षा ठरलेल्या मार्गावरच मिळतात.

दाराबाहेरचे दुकान

जुन्या कचेरीबाहेर मुद्रांक विक्रेता, अर्जनवीस, टायपिस्ट, नोटरी, झेरॉक्स, फोटो आणि चहा यांची एक व्यवस्था वर्षानुवर्षांत आपोआप तयार झालेली असते. आदेशात तिचा उल्लेख नसतो आणि तिच्यावाचून पहिल्या सोमवारीच काम ठप्प होते. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्या मुद्रांकाने घेतली. नव्या जागेजवळ विक्रेता नसेल तर तो कागद आणायला माणूस पुन्हा शहरात जाणार. मुद्रांक माफ असलेल्या प्रतिज्ञापत्रालाही टायपिंग, फोटो आणि झेरॉक्स लागतेच. म्हणून आवारात आठ-दहा टपऱ्यांएवढी छपराची जागा आधीच आखून द्यावी, विक्रेत्यांच्या परवान्यातला ठिकाणबदल मुद्रांक कार्यालयाकडून आधी करून घ्यावा. ते अतिक्रमण म्हणून येण्यापेक्षा रीतसर आलेले बरे.

एसटीकडे सैफुलजवळ विनंती थांब्याची मागणी नोंदवावी आणि तिथपासून कचेरीपर्यंतचे अंतर चालण्याजोगे आहे का हे दुपारी बारा वाजता, उन्हात, चालून पाहावे. रिक्षा थांबा वाहतूक पोलिसांकडून मंजूर करून घ्यावा. आवारात दीडशे दुचाकींची जागा, सावलीचा मांडव, पिण्याचे पाणी, १:१२ उताराचा रॅम्प, बाहेरून कामाला येणाऱ्या बायकांसाठी वेगळे स्वच्छतागृह. यातले शेवटचे नकाशात असते आणि नंतर त्याला कुलूप असते.

फलक मराठीत हवाच, पण या तालुक्यात घरात कन्नड बोलणारी गावे भरपूर आहेत, आणि विडी कामगारांत तेलुगूही आहे. दिशादर्शक फलक तिन्ही भाषांत आणि चौकशीच्या खिडकीवर कन्नड समजणारा माणूस एवढे केले तर पहिल्या महिन्यातला निम्मा गोंधळ कमी होतो. गावात दवंडी, ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना आणि रेशन दुकानात चिकटवलेला कागद यांचा उपयोग वर्तमानपत्रातल्या जाहिरातीपेक्षा जास्त होतो.

पूर्वेचा कक्ष आणि रिकामी झालेली जागा

अक्कलकोट रस्त्याच्या बाजूचा कक्ष हा या प्रस्तावाचा कणा आहे आणि पहिली काटछाटही त्याच्यावरच येते. आठवड्यातून एकदा भरणारा ‘कॅम्प’ त्याची जागा घेऊ शकत नाही; कॅम्पचा दिवस चुकला की माणूस जुळे सोलापूरलाच जातो. कक्षात किमान चार जण, रोज, पूर्ण वेळ, आणि निराधार योजना व शिधापत्रिकेच्या अर्जावर तिथेच निर्णय घेऊ शकणारा एक नायब तहसीलदार. नुसता अर्ज स्वीकारून मुख्य कचेरीकडे पाठवणारी खिडकी असेल तर अर्जदार ‘माझ्या फाईलचे काय झाले’ विचारायला दोन्हीकडे जातो, आणि वर मोजलेले ४५ परत तोट्याच्या बाजूला जाऊन बसतात. पदे ४८ च्या आतूनच काढायची आहेत. मुख्य कचेरीत ४४ राहतील हे जागेच्या मागणीत आणि लोकसेवा हक्क अधिनियमाखालच्या पदनिर्देशित अधिकाऱ्यांच्या यादीत, दोन्हीकडे, आदेश निघण्याआधीच दिसले पाहिजे.

मध्यवर्ती भागातली जुनी जागा रिकामी होईल तेव्हा ती कोणाकडे जाणार हेही त्याच आदेशात लिहावे. लिहिले नाही तर तिथे मोडक्या खुर्च्या आणि जप्तीची वाहने जमतात, किंवा दुसरीच एखादी कचेरी येऊन बसते आणि सिद्धेश्वर पेठेतली गर्दी होती तेवढीच राहते. गर्दी कमी करणे हाच प्रस्तावाचा हेतू असेल, तर त्या जागेवर दुचाकीतळ आणि अपिलांच्या तारखा, नकलांचे अर्ज, पत्त्याची चौकशी एवढ्यापुरती दोन खिडक्यांची सोय, याहून जास्त काही मंजूर करू नये.